‘कुठलाही बटाटा चालेल’ म्हणणाऱ्यांना रसेटचा रस्सा वाढा

परदेशात बसून बटाटेवड्याची रेसिपी उघडावी आणि पहिल्याच ओळीला डोकं फिरावं: ‘चार मध्यम बटाटे’. कसले? केवढे? पुण्यामुंबईकडचा मध्यम बटाटा शंभर ग्रॅमच्या आसपास. अमेरिकेतला रसेट, म्हणजे तिकडचा जाड तपकिरी सालीचा पिठूळ बटाटा, हा अडीचशे-तीनशे ग्रॅमचा धोंडा. असले चार घेतले की सारण किलोभर, आणि मिरची-लसूण-मीठ चारशे ग्रॅमच्या हिशोबाचं. मग वडा अळणी झाला की खापर कुणावर? तर ‘इकडच्या बटाट्याला चवच नाही’. अहो, वजन लिहायला काय पैसे पडतात?

आणि खाली ती ठरलेली मखलाशी: ‘कुठलाही बटाटा चालेल.’ नाही चालत! एकदा रसेटच्या फोडी करून रस्सा शिजवा. वाढताना वाटीत फोड सापडली तर बक्षीस.

मुळात हे लिहिणाऱ्याला स्वतःच्या घरातल्या बटाट्याची जात ठाऊक नसते. असणार कुठून? मंडईत बटाट्याची ओळख म्हणजे नवा की जुना, आणि फार तर गाव: आग्रा, इंदूर, तळेगाव. ‘वड्याला हवेत’ म्हटलं की भाजीवाला ढिगातून निवडून देतो, विषय संपला. त्या ढिगात कुफ्री ज्योती असते, कुफ्री पुखराज असतो, आग्र्याकडचा कुफ्री बहार असतो, ज्याला तिकडे नुसतं ३७९७ म्हणतात. कुफ्री हे सिमल्याजवळचं गाव. केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेच्या जातींना ते आडनावासारखं पुढे चिकटतं, एवढंच. ज्योती १९६८ची, पुखराज १९९८चा. पुखराज लवकर तयार होतो आणि पाणीदार निघतो, ज्योती मधली, वेफर्ससाठी काढलेली चिपसोना कोरडी. म्हणजे ‘आपला बटाटा’ असा एक बटाटा तिकडेसुद्धा नाही. (नावही आपलं नाही, पोर्तुगीजांकडून आलं. ते राहू दे.) त्यामुळे ‘आपल्यासारखा बटाटा इथे कुठला?’ हे विचारून काही हाती लागत नाही. पाणी किती आणि पीठ (म्हणजे स्टार्च) किती, एवढंच बघायचं. पीठ जास्त असलेला बटाटा शिजला की मोकळा होऊन भुसभुशीत फुटतो. पीठ कमी असलेला घट्ट आणि मेणचट राहतो, सुरी घातली तर फोड काचेसारखी तुकतुकीत दिसते.

आता ही साधी गोष्ट पिशवीवर छापायला नको? अमेरिकेत पिशवीवर काय असतं, तर ‘आयडाहो’. ते राज्य आहे, जात नव्हे. आत रसेट बरबँक आहे की रसेट नॉरकोटा, हे बहुतेकदा कुठेच लिहिलेलं नसतं. नॉरकोटा दिसायला देखणा, पण बरबँकपेक्षा पाणी जास्त. म्हणून गेल्या महिन्यात जमलेला वडा या महिन्यात बसतो आणि माणूस बेसनाला शिव्या देतो. पिवळ्या बटाट्याचं तर नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा: पिशवीवर ‘गोल्ड’ लिहिलं म्हणजे आत युकॉन गोल्ड असेलच असं नाही. युकॉन गोल्डच्या डोळ्यांभोवती गुलाबी झाक असते. ती दिसली नाही तर तो दुसराच कुणी पिवळा. ब्रिटनमध्ये मॅरिस पायपर किंवा किंग एडवर्ड लिहिलं असेल तर पिठूळ, शार्लट असेल तर मेणचट. पण स्वस्त पिशवीवर नुसतं ‘व्हाइट पोटॅटो’. धन्यवाद, पांढरा आहे ते दिसतंय. या बाबतीत जर्मनांना मानलं पाहिजे. पिशवीवर सरळ शिजण्याचा गुण लिहितात: फेस्टकोखेंड म्हणजे घट्ट राहणारा, मेलिशकोखेंड म्हणजे पिठूळ, फोरवीगेंड फेस्टकोखेंड म्हणजे मधला. बरेचदा रंगही ठरलेले, अनुक्रमे हिरवा, निळा, लाल. रोजच्या भाजीला लाल, वड्याला निळा, रश्शाला हिरवा. इतकं सोपं असू शकतं! बाकीच्यांना काय धाड भरली आहे?

पिशवी बोलत नसेल तर बटाट्यालाच बोलतं करा. अर्धी वाटी मीठ साडेपाच वाट्या पाण्यात पूर्ण विरघळवायचं आणि कच्चा, धुतलेला बटाटा त्यात सोडायचा. बुडाला तर पिठूळ, तरंगला तर मेणचट. एकाच पिशवीतले दोन बुडतात आणि तिसरा वर येतो, हेही दिसेल. तो तिसरा वड्यात घालू नका. सगळ्या सारणात तोच चिकट गोळा होऊन बसतो.

वड्याचं दुखणं मोठं आहे, कारण तिथे दोन्ही बाजूंनी मार बसतो. लाल सालीचा मेणचट बटाटा घेतला की सारण ओलं. तेलात पडल्यावर आतल्या पाण्याची वाफ होते, बेसनाचं आवरण फुटतं आणि कढईत सारण पोहायला लागतं. साबुदाणा वडा फुटतो त्यामागेही बऱ्याचदा हाच ओलावा असतो, उगीच साबुदाण्याच्या नावाने खडे फोडू नका. रसेट घेतला आणि सवयीने सोलून, चिरून उकडला तर तो कडेने फुटतो, पाणी पितो आणि लापशी होते. मग कुणीतरी अतिशहाणा ते फूड प्रोसेसरमध्ये फिरवतो. झालं, खळ तयार! पात्याने बटाट्याच्या पेशी फुटतात, आतला स्टार्च बाहेर येतो आणि डिंकासारखा चिकटतो. यावर उपाय नाही, त्याचं थालीपीठ लावा.

रसेट वड्याला उत्तम आहे, फक्त त्याला पाणी दाखवायचं नाही. सालीसकट काट्याने टोचून २०० अंश सेल्सिअसला ५० ते ६० मिनिटं भाजायचा, बाहेर काढल्याबरोबर मधोमध फोडून वाफ जाऊ द्यायची आणि हातानेच कुस्करायचा. मधे हरभऱ्याएवढे गोळे राहिले पाहिजेत, वड्याला दाताखाली तेच लागतात. नुसता रसेट कधीकधी इतका कोरडा पडतो की गोळा वळताना भेगा जातात. तेव्हा दोन भाग रसेटला एक भाग युकॉन गोल्ड. युकॉन एकटाही चालतो, पण तो सालीसकट गार पाण्यापासून उकडायचा, पाणी काढून त्याच गरम पातेल्यात दोन मिनिटं कोरडा करायचा आणि सोलून अर्धा तास ताटात उघडा टाकायचा. झाकून ठेवला तर वाफेचं पाणी परत आत जातं. अर्ध्या किलो सारणाला दीड वाटी बेसन, दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन, तेल १७५ ते १८० अंश. कुकरमध्ये उकडायचेच असतील तर जाळीवर ठेवा, पाण्यात बुडवून तीन शिट्ट्या काढू नका. त्या शिट्ट्या आपल्याकडच्या लहान बटाट्यासाठी होत्या.

रश्शाला मात्र मेणचटच. लाल सालीचा, शार्लट, किंवा बेबी पोटॅटो म्हणून विकतात ते. घरात फक्त रसेट असेल तर टोमॅटो, चिंच किंवा आमसूल सुरुवातीलाच घाला. आंबटात बटाटा लवकर मऊ होत नाही, त्यामुळे फोडी तग धरतात. हाच गुण मेणचट बटाट्याला नडतो. त्यात आंबट आधी पडलं तर अर्धा तास शिजवूनही फोड मधे करकरीत. तिथे बटाटा मऊ झाल्यावरच आंबट.

पावभाजीला रसेट बिनतक्रार. तिथे लगदाच हवा असतो.

उपासाच्या किसाला रसेट किसला की कढईत एकच गिच्च गोळा. किसल्याबरोबर पाण्यात टाका, पाणी नितळ येईपर्यंत तीनदा बदला, फडक्यात घट्ट पिळा आणि मगच तूप-जिऱ्यावर घाला. दाण्याचं कूट शेवटी.

आणि काचऱ्या! पातळ चकत्या, मेणचट बटाटा, सगळं बरोबर, तरी शिजायच्या आधीच काळपट आणि चवीला गोडूस-कडवट. कारण बटाटे फ्रिजमध्ये होते. साधारण सहा-सात अंशांच्या खाली स्टार्चची साखर व्हायला लागते आणि ती साखर तेलात आधी जळते. दुकानाचा मालही कुठल्या शीतगृहात किती दिवस होता ते कोण सांगणार? असा बटाटा अंधाऱ्या, हवेशीर जागी १५ ते २० अंशांत दोन-तीन आठवडे ठेवला तर बरीचशी साखर उतरते. म्हणजे आज काचऱ्या खायच्या असतील तर तीन आठवड्यांपूर्वी ठरवायला हवं होतं. वा!

एवढं करूनही पाच पौंडांची, म्हणजे सव्वादोन किलोची, बंद पिशवीच घ्यावी लागते. दोन माणसांचं घर. वर जाळी अशी रंगीत की आतल्या सालीचा हिरवेपणा घरी येऊन कापेपर्यंत कळत नाही. हिरवा भाग जाडसर कापून टाका, कडू लागला तर अख्खा बटाटा टाका. आणि टाकलेलं वजा करून उरलेलं वजन परत काट्यावर घ्या, कारण रेसिपीत अजून ‘चार मध्यम’च लिहिलेलं आहे.