जरा पेन देता का?

बँकेच्या रांगेत मागून कुणी "जरा पेन देता का?" म्हटलं की पोटात गोळा येतो. कंजूषपणा नव्हे हो, शाईपेनाच्या निबेची काळजी! बॉलपेनची सवय असलेला माणूस लिहीत नाही, कागद खणतो. तो जोर निबेवर आला की तिच्या दोन फाकी फाकतात, मधली चीर रुंदावते आणि शाई टोकापर्यंत पोचेनाशी होते. म्हणून शाईपेनवाल्याच्या खिशात एक बॉलपेनही असतं. ते जनतेसाठी.

ड्रॉपरने भरायचं एबोनाइटचं (कडक केलेल्या रबराचं) पेन म्हणजे घरातलं लाडावलेलं पोर. आंघोळ साध्याच पाण्याने, तीही रंग जाऊन पाणी नितळ उतरेपर्यंत. गरम पाणी लागलं तर काळं एबोनाइट शेवाळी पडतं. मग रात्रभर फडक्यावर वाळवण. सकाळी आट्यांना मोहरीएवढं सिलिकॉन ग्रीस, नाहीतर शाई आट्यांतून पाझरून बोटं रंगवते. आमचं मधलं बोट तसंही बारमाही निळं. मतदान कधी झालं, असं लोक विचारतात.

टाकी भरलेली असते तोवर पेन गुणी. खरी परीक्षा पाव टाकी उरल्यावर. वरची रिकामी जागा हवेने भरते, ती हवा हाताच्या उबेने फुगते आणि खालच्या शाईला रेटते. निबेखालच्या जिभेच्या खाचा थोडी जादा शाई धरून ठेवतात. त्या भरल्या की पेन ओकतं. टपोरा थेंब, आणि तो हमखास चेकवर! उपाय एकच, पाव टाकी व्हायच्या आत पुन्हा भरायचं. पुण्यात स्कूटरवर तेवढ्याने भागत नाही. पाच-सहा गतिरोधकांनंतर टोपणात आतून सडा पडलेला असतो. टोपण निब वर धरूनच उघडावं, आणि पांढऱ्या शर्टापासून हातभर लांब.

चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी शाई मात्र कुणी कितीही गळ घातली तरी भरू नये. तिच्यात लाख असते. ती जिभेच्या खाचेत वाळली की साध्या पाण्याने सुटत नाही. शाईपेनाची शाई हवी. कॅमलिनचा उद्योग १९३१ साली शाईच्या भुकटीपासूनच सुरू झाला, हे शाळेत कंपासपेटी वापरलेल्या किती जणांना माहीत असतं?

एवढं करून निब कागदावर टेकते. ओली रेघ क्षणभर चमकते, मग डोळ्यांदेखत मंद होत जाते. जिथे हात थांबला तिथे शाई साचून रंग गडद. हे बघायला शेजारच्याला बोलावलं तर तो विचारतो, "लिहिलंय काय पण?" काही नाही. स्वतःचंच नाव, चौदा वेळा.

पावसाळ्यात हेही सुख नाही. कागद दमट होतो, शाई फुटते, अक्षरांना मिशा येतात. मग चांगल्या कागदासाठी अप्पा बळवंत चौक गाठायचा. पान उजेडाकडे धरायचं, दोन बोटांत चोळायचं आणि कागदाचं वजन, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, ते भीतभीत विचारायचं, "हा किती जीएसएमचा?"

"दोनशे पानी."