खुलासा : लाल म्हणजे गोड आणि हिरवे म्हणजे कच्चे, हे खरे नाही

‘सफरचंद जितके लाल तितके गोड; हिरवे दिसले तर ते कच्चे असते, विकत घेऊ नका’ असा सल्ला देणारा एक संदेश सध्या फिरत आहे, आणि तो चुकीचा आहे. सालीचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे येतो. तो जातीवर, उन्हावर आणि रात्रीच्या गारव्यावर अवलंबून असतो, त्यामुळे केवळ त्यावरून गराची गोडी ठरत नाही. १८६८च्या सुमारास ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ मारिया अॅन स्मिथ यांच्या बागेत उगवलेले ‘ग्रॅनी स्मिथ’ पिकल्यावरही हिरवेच राहते. त्याचा आंबटपणा मॅलिक आम्लाचा असतो. गर घट्ट असल्याने शिजवल्यावर त्याच्या फोडी आकार धरून राहतात, म्हणून भाजलेल्या पदार्थांसाठी आणि मुरंब्यासाठी मी तेच निवडेन. पिवळे ‘गोल्डन डिलिशस’ तर चांगलेच गोड असते. याउलट गर्द लाल ‘रेड डिलिशस’ फार दिवस साठवले की बाहेरून तुकतुकीत दिसूनही आतून पिठूळ लागते आणि शिजवल्यावर त्याचा लगदा होतो. नुसते खायला कुरकुरीत, रसाळ ‘फुजी’ घ्यावे. घेताना रंगापेक्षा फळ हातात जड आणि दाबून घट्ट लागते का, हे पाहावे.