भाषण १८ मिनिटं, प्रश्न शून्य

वाद पेटला तो वकिलाच्या मुलीमुळे. ती इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिच्या कॉलेजात यंदा टेडेक्स (अमेरिकेतल्या ‘टेड’ या भाषणांच्या परिषदेची गावोगावची आवृत्ती) होतंय आणि ही आयोजकांच्या टीममध्ये. बापाला गाडीची किल्ली द्यायला कट्ट्यावर आली, मास्तरांनी ‘काय गं, सध्या काय चाललंय?’ विचारलं आणि पोरगी फसली. चार विद्यार्थी, तीन प्राध्यापक, दोन बाहेरचे, असे वक्ते. विषय मधमाश्यांपासून मोबाइलवरच्या आदिवासी बोलींपर्यंत. प्रत्येकाला जास्तीत जास्त १८ मिनिटं.

बापूचा छापखाना आहे. शहरातल्या निम्म्या समारंभांच्या निमंत्रणपत्रिका त्याच्या हाताखालून गेल्यात. त्याने धंद्याच्या सवयीने विचारलं, “अध्यक्ष कोण?”

“अध्यक्ष नाहीत, काका.”

“उद्घाटक?”

“तेही नाहीत.”

“प्रमुख उपस्थिती? संस्थेचे पदाधिकारी?”

“ते समोर बसतील, प्रेक्षकांत.”

“अगं, मग पत्रिकेवर छापायचं काय? आणि आभार कोण मानणार?”

आम्ही हसलो, पण बापूचा धक्का खरा होता. आपल्याकडे व्याख्यान म्हणजे आधी दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, मग शाल-श्रीफळ, मग वक्त्याचा परिचय (यात वक्त्याला माहीत नसलेल्या त्याच्या दोन पदव्या असतात), मग प्रास्ताविक, आणि मग ‘वेळेअभावी’ वक्त्याने थोडक्यात बोलावं अशी विनंती. टेडवाल्यांनी हे सगळं उडवलं, एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्यांना शंभर गुन्हे माफ करायला तयार आहे. लाल गोल सतरंजी, पोडियम नाही, समोर उलटं धावणारं घड्याळ. प्राचार्यांनाही तेच घड्याळ आणि दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही तेच.

मास्तर मात्र ऐकायला तयार नव्हते. छत्तीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस. “१८ मिनिटांत माझी प्रस्तावना होते,” ते म्हणाले.

“तेच तर आम्ही भोगलंय,” वकील म्हणाला. तो त्यांचाच विद्यार्थी.

मास्तरांनी तिकडे दुर्लक्ष केलं. “मुद्दा वेळेचा नाही. १८ मिनिटं बोलून झाल्यावर काय?”

“टाळ्या,” मुलगी म्हणाली.

“आणि प्रश्न?”

“प्रश्न नसतात, सर. त्या साच्यात प्रश्नोत्तरं बसत नाहीत. एक झालं की पुढचा.”

“संपलं मग!” मास्तरांनी मांडीवर थाप मारली. “नऊ जण येणार, नऊ वेगळ्या गोष्टी सांगणार आणि एकाचा दुसऱ्याला धक्का लागणार नाही. याला विचारांची देवाणघेवाण म्हणतात? यात देवाण आहे, घेवाण कुठाय?”

मला वाटतं खरा वाद इथून सुरू झाला, आणि तो शेवटपर्यंत इथंच राहिला.

वकिलाने थोडी माहिती पुरवली. मुलीमुळे त्याचा अभ्यास झाला होता. टेडची पहिली परिषद १९८४ची, कॅलिफोर्नियातली. तंत्रज्ञान, करमणूक आणि डिझाइन या तीन धंद्यांतल्या बड्या लोकांची ती बैठक होती. २००१मध्ये ख्रिस अँडरसन यांच्या संस्थेने ती विकत घेतली, २००६पासून भाषणं इंटरनेटवर फुकट मिळायला लागली आणि २००९पासून टेडेक्स म्हणून कुणालाही परवाना घेऊन आपल्या गावात, कॉलेजात असा कार्यक्रम करता यायला लागला. परवान्याला पैसे पडत नाहीत, वक्त्याला मानधन द्यायचं नाही, मंचावरून काही विकायचं नाही, पक्षाचा किंवा धर्माचा प्रचार करायचा नाही. परवाना ज्याच्या नावावर आहे तो मूळ टेड परिषदेला जाऊन आलेला नसेल, तर प्रेक्षक फक्त १००.

“शंभर?” बापू म्हणाला. “शंभरासाठी मी मशीनसुद्धा गरम करत नाही.”

मास्तर १८७५ला पोचले होते. ते तिथं जाणार हे आम्हाला ठाऊकच असतं. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ते हेच साल. त्याच वर्षी स्वामी दयानंदांची पुण्यात व्याख्यानं झाली. त्यांची मिरवणूक निघाली तेव्हा रानडे सोबत होते, जोतीराव फुले आपली माणसं घेऊन पाठीशी उभे राहिले आणि विरोधकांनी गाढव सजवून गर्दभानंदाची वेगळी मिरवणूक काढली. “याला म्हणतात प्रतिसाद!” मास्तर म्हणाले. “वक्ता बोलला आणि गाव हललं. तुमच्या लाल सतरंजीवर बोलून आजवर एखादं तरी गाढव हललंय का?”

“सर, गाढवाची मिरवणूक म्हणजे प्रश्नोत्तरं नव्हेत,” मुलगी शांतपणे म्हणाली. “ती दंगल. आणि आज तसं झालं तर तुम्हीच पेपरात पत्र लिहाल.”

मास्तर गप्प झाले. नंतर कळलं की बिडीसाठी काडेपेटी शोधत होते.

मग तिने जे मांडलं, ते मला त्या संध्याकाळचं सर्वांत ठोस बोलणं वाटलं. तिचं म्हणणं असं की आपल्या व्याख्यानांना प्रश्नोत्तरं असतात हे खरं, पण प्रश्न विचारतं कोण? पहिल्या रांगेतले तेच तीन काका. माइक हातात आला की ‘प्रश्न नाही, मनोगत आहे’ असं म्हणून दहा मिनिटं. मागच्या रांगेतली मुलगी हात वर करते, तोवर आभारप्रदर्शन सुरू होतं. तिच्या वर्गातली बीड जिल्ह्यातली एक मुलगी तीन वर्षांत वर्गात एकदाही बोलली नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली पोरं दर हिवाळ्यात शाळेतून कशी गळतात, हा तिचा विषय. ती या कार्यक्रमात बोलणार आहे, तिला शिकवणारे सर तिच्यानंतर बोलणार आहेत आणि ती बोलत असताना मध्ये कुणीही माइक हिसकावणार नाही. “प्रश्न नसणं हे तिच्यासाठी संरक्षण आहे, सर.”

“बोलणार कुठल्या भाषेत?” मी विचारलं.

इथं ती अडखळली. “इंग्रजीत. सिनियर म्हणाले व्हिडिओ बाहेर जातो, म्हणून.”

टेडेक्स कुठल्याही भाषेत करता येतं; तसं बंधन त्यांनी घातलेलं नाही. हे बंधन आपलं आपणच घालून घेतो. त्या मुलीने मराठीत सांगितलं तर कोयता, टोळी, मुकादम हे शब्द जिवंत येतील, आणि इंग्रजीत पाठ केलेल्या वाक्यांत तिचं सगळं लक्ष पुढचं वाक्य आठवण्यात जाईल. तिच्या तीन तालमी झाल्यात. प्रत्येक तालमीत कुणीतरी सांगतं, इथं थांब, इथं हस, सुरुवातीला एक गोष्ट सांग, शेवटी आशा दे. मला या तालमींचीच भीती वाटते. नऊ वेगळे विचार आत जातात आणि एकाच चालीची नऊ भाषणं बाहेर पडतात.

“तुझा मुद्दा आहे काका,” ती म्हणाली, “पण तालीम केली नाही तर आमचे प्रोफेसर स्लाइड वाचून दाखवतात.”

तेही खरंच.

वकील इतका वेळ साक्षीपुरावे जमवत होता. त्याने ऑक्सफर्ड काढलं. ऑक्सफर्ड युनियन ही वादसभा विद्यापीठाची नव्हे, पण विद्यार्थ्यांचीच, १८२३पासूनची. ९ फेब्रुवारी १९३३ला तिथे ठराव आला: हे सभागृह कोणत्याही परिस्थितीत राजा आणि देशासाठी लढणार नाही. बाजूने बोलणाऱ्यांत एक विद्यार्थी होता आणि लंडनच्या बर्कबेक कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारे सी. ई. एम. जोडही होते. विरोधातही वक्ते होते, मग मतदान, म्हणजे बाजूच्यांनी एका दारातून आणि विरोधकांनी दुसऱ्या दारातून बाहेर पडायचं. २७५ विरुद्ध १५३ असा ठराव मंजूर! देशभर ओरड झाली, युनियनकडे २७५ पांढरी पिसं पाठवली गेली, म्हणजे दर मताला भित्रेपणाची एक खूण. महिन्याभरात माजी विद्यार्थ्यांनी तो ठराव दफ्तरातून खोडायचा प्रस्ताव आणला, त्यात चर्चिलांचा मुलगा रँडॉल्फ पुढे होता. विद्यार्थ्यांनी तो ७५० विरुद्ध १३८ने पाडला. त्यातल्या पुष्कळांना मूळ ठराव मान्य नसणार, पण बाहेरच्यांनी येऊन आमचं दफ्तर खोडायचं नाही, यावर त्यांचं एकमत झालं.

“हे पाहिजे,” मास्तर म्हणाले. “दोन बाजू, आणि ऐकणाऱ्याला शेवटी पाय उचलून कुठल्या तरी दारातून जावं लागतं.”

“पण दोनच बाजू,” मुलगी म्हणाली. “मधमाश्यांच्या विरोधात कुणाला उभं करू?”

हा षटकार होता. वादसभेत प्रत्येक विषयाला कुस्तीच्या आखाड्यात उतरावं लागतं, आणि विद्यापीठात बरंच काही असं असतं की त्यात कुस्ती नसते, नुसतं ‘हे बघा, हे असं असतं’ एवढंच असतं. तरीही मी मास्तरांच्या बाजूला झुकलो, त्याला कारण वेगळं. प्रश्न नसले की चूक पकडणार कोण? डिसेंबर २०१२मध्ये टेडला सगळ्या टेडेक्स आयोजकांना पत्र लिहून सांगावं लागलं, की विज्ञानाच्या नावाखाली मंचावर येणाऱ्या भाकडकथा ओळखायला शिका. पुढच्याच वर्षी लंडनच्या व्हाइटचॅपलमधल्या टेडेक्सची दोन भाषणं, रूपर्ट शेल्ड्रेक आणि ग्रॅहम हँकॉक यांची, त्यांनी मुख्य यूट्यूब चॅनेलवरून हटवली आणि त्यावरून जगभर सेन्सॉरशिपचा ओरडा झाला. भाषणं बरी की वाईट हे बाजूला ठेवू. पण त्याच सभागृहात एखाद्या जीवशास्त्राच्या बाईंनी उठून ‘याला पुरावा काय?’ विचारलं असतं, तर हे काम जागच्या जागी झालं असतं आणि हटवाहटवीची वेळ आली नसती.

“बरं, मंचावर नाही तर मंचाखाली विचारा,” बापू म्हणाला. “चहापानात. खरी भांडणं चहातच होतात. पंचहौदाचं विसरलात?”

छापखानेवाल्याला पंचहौद आठवावं आणि मास्तरांना नाही, याचा मास्तरांना जो राग आला तो बघण्यासारखा होता. १८९०मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये पुण्यातली बडी मंडळी व्याख्यानाला गेली, रानडे आणि टिळक दोघेही त्यांत होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. मिशनऱ्यांकडचा चहा म्हणजे तेव्हा धर्म बुडाला. कुणी घेतली, कुणी नुसती हातात धरली. पुढे गोपाळराव जोश्यांनी नावं पेपरात छापली आणि ग्रामण्य (धर्म बुडवल्याचा जातीतला खटला), बहिष्कार, प्रायश्चित्त असं रामायण झालं. त्या दिवशी व्याख्यान कशावर झालं हे कट्ट्यावर कुणालाही सांगता आलं नाही.

मुलीने मोबाइलवर काहीतरी टिपून घेतलं. “कार्यक्रम संपल्यावर कॅन्टीनमध्ये एक तास. नऊ टेबलं, प्रत्येकावर एक वक्ता, ज्याला जे विचारायचंय ते विचारा. परवान्याशी संबंध नाही, नाव वेगळं.”

“आणि ते तीन काका?” मी विचारलं.

“त्यांना टेबल फिरावं लागेल. दहा मिनिटांनी घंटा.”

मास्तर जरा विरघळले. “बाहेरच्या दोन वक्त्यांची नावं ठरलीत का?”

“एकच ठरलंय. पंचहौदावर बोलाल, सर?”

“बोलेन की. त्यात काय!”

“मग रविवारी ऑडिशन आहे. तीन मिनिटांत मुद्दा सांगायचा, आम्ही पाच जण निवडतो. त्यात दोघं सेकंड इयरचे आहेत.”

“ऑडिशन? मी?” मास्तर वकिलाकडे वळले. “अरे, हिला सांग मी कोण आहे ते!”

“परिचय नसतो त्यात, सर,” वकील म्हणाला.