सोडा भज्यांत घाला, हेडलाइटात नको

गेल्या आठवड्यात मामाच्या पद्मिनीचा उजवा हेडलाइट झाडावरची घुबडं शोधत होता. रात्री महूहून इंदूरला येताना समोरचा प्रत्येक ट्रकवाला डिपर मारत होता, आणि मामाला वाटलं, जुन्या गाडीचं कौतुक चाललंय. रामबागेत घरी पोचल्यावर वाकून बघितलं तर दिवा खालच्या बाजूनं बोटभर पुढे आलेला.

"मामा, या स्क्रूच्या भोकात काय भरलंय?"

"सोडा आणि सुपरग्लू. अरे, तुझ्या मामीनंच व्हिडिओ पाठवला होता."

तो व्हिडिओ तुमच्याकडेही आला असेल. स्क्रूचे आटे गेले तर भोकात खाण्याचा सोडा भरा, वर सुपरग्लूचे थेंब सोडा, पाच मिनिटांत लोखंडाहून मजबूत आटे तयार. ते नको असेल तर एक नंबर मोठा स्क्रू दाबून घाला, नाहीतर टेफ्लॉन टेप गुंडाळा. हेलिकॉइल (भोकात नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) वगैरे म्हणजे मेकॅनिकची लूट. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

सोड्यापासूनच सुरू करतो, कारण मामाला रात्रीच्या रस्त्यावर तोच भोवला. सुपरग्लू हवेतल्या दमटपणानं आळतो, सोडा टाकला की काही सेकंदांतच. इथवर व्हिडिओ खरा आहे. गोळा टणक होतो, नखानं टकटक वाजतो. रिमोटच्या फुटक्या झाकणाला मीही लावलाय. पण टणक तर बत्तासाही असतो. हेडलाइटच्या स्क्रूला स्प्रिंग सतत ओढत असते, खड्ड्याखड्ड्याला हिसका बसतो आणि समोर 55-60 वॉटचा बल्ब तापत असतो. साधा सुपरग्लू बनवणारेच डेटाशीटवर साधारण 80 अंश सेल्सियसची मर्यादा लिहितात. त्यात चाळीस वर्षांच्या पत्र्यावर तेल, गंज आणि जुना रंग. गोंद धरणार कशाला?

आणि समजा धरलाच, तर जास्त वाईट. हा स्क्रू दिव्याचा झोत वर-खाली करण्यासाठी असतो. तो चिकटवून टाकलात की झोत जिथे आहे तिथेच अडकला. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989, नियम 106 काढून वाचा. पुढचा दिवा असा बसवलेला आणि राखलेला हवा की त्याचा झोत खाली वळलेला राहील, आणि दिव्यापासून 8 मीटरवर, अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून 1.5 मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला दिपवणार नाही. दीड मीटर म्हणजे रस्त्यानं चाललेल्या माणसाचे डोळे, जवळजवळ तुमच्या आईचे.

त्याच व्हिडिओत शेवटी "जास्त मजबुतीसाठी कापूस घाला" असंही आहे. सुपरग्लू कापसावर पडला की इतका तापतो की धूर निघतो. बोटाला कापूस चिकटलेला असताना हे घडलं तर काय होईल, ते सांगायला नको.

मोठ्या स्क्रूच्या गोष्टीत अर्धं खरं आहे, नाइलाजानं मान्य करतो. जुने मिस्त्रीही 5 एमएमचे आटे गेले की 6 एमएमवर जातात. पण ते आधी 5 एमएमचं ड्रिल मारतात, मग तेल लावून टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवतात. ते दाबून घालणं नव्हे. शिवाय पद्मिनी फियाटच्या घराण्यातली, मापं मिलिमीटरची. अँबॅसिडर मॉरिस ऑक्सफर्डची, मापं इंचाची. पाव इंचाचा स्क्रू 6.35 एमएमचा असतो. तो 6 एमएमच्या भोकात रेटला तर उरलेसुरले आटेही जातात.

टेफ्लॉन टेप नळाला लावा.

राहिली हेलिकॉइलची "लूट". अ‍ॅल्युमिनियमच्या ओतीव भागात हेलिकॉइल उत्तमच. पण दिव्यामागचा पत्रा जेमतेम 1 एमएमचा, आणि 5 एमएमच्या स्क्रूच्या आट्यांतलं अंतर 0.8 एमएम. म्हणजे पत्र्यात धड सव्वा आटा. तिथे हेलिकॉइल धरणार तरी कुठे? एवढ्यापुरता तो व्हिडिओवाला चुकून बरोबर निघाला. पत्र्याला मागून नट वेल्ड करावा, नाहीतर रिव्हेट नट, म्हणजे भोकात पुढूनच दाबून बसवायचा आट्यांचा नट, बसवावा.

आम्ही रिव्हेट नट आणला, सियागंजातून. पण आधी तो गोळा काढायचा होता. बॅटरीची वायर सोडली आणि सोल्डरिंगची तापलेली इस्त्री स्क्रूच्या डोक्यावर टेकवून धरली. दोन मिनिटांत असा झोंबरा धूर आला की मामा-भाचे दोघेही रडायला लागलो. मग स्क्रू गपकन फिरला आणि मागून पांढरा चुरा मामाच्या तळहातावर पडला. तो बोटानं चिरडून मामा म्हणाला, "हे तर मीठ झालं रे."

भोक 7 एमएमचं केलं, कडेला गंजरोधक रंग लावला, वाळू दिला, 5 एमएमचा रिव्हेट नट दाबून बसवला. स्क्रू हातानं फिरायला लागला. संध्याकाळी गल्लीत टेपनं 8 मीटर मोजून मामीला उभं केलं. मामीची उंची बरोबर बसते. पहिल्यांदा तिनं डोळ्यांवर हात धरला, चौथ्या वेळी म्हणाली, "आता तुमचं तोंड दिसतंय."

डावीकडे मामानं काय भरलंय, ते रविवारी उघडून बघायचंय.