‘अर्धा तास चाला’ म्हणजे नेमकं किती?

हार्ट फेल्युअर (हृदयाची रक्त पंप करायची ताकद कमी पडणं) आणि व्यायामावरचा लेख वाचला. ‘हार्ट फेल्युअरच्या रुग्णांनी रोज अर्धा तास चालावं’ असं त्यात एका वाक्यात उरकलंय, ते खटकलं. माझ्या बाबांचं इजेक्शन फ्रॅक्शन (हृदय दर ठोक्याला त्यातलं किती रक्त बाहेर ढकलतं ते प्रमाण) ३० टक्के, म्हणजे कमीच. डिस्चार्जच्या कागदावर हेच वाक्य होतं आणि पहिल्याच दिवशी ते कोपऱ्यावरच्या डेअरीच्या पायरीवर धापा टाकत बसले. मग आईने दोन महिने त्यांना खुर्चीतून हलू दिलं नाही. दोन्ही चुकीचंच. पुढे ओपीडीत एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालवून अंतर मोजलं आणि पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या ठरवून दिल्या. चालताना बोलता आलं पाहिजे, वाक्य तुटायला लागलं की थांबायचं. आता ते सलग पंचवीस मिनिटं चालतात (वाटेत ओळखीचं कुणी भेटलं तर पंचेचाळीस!).

व्यायामाची भीती अनाठायी आहे, हे लेखातलं म्हणणं मात्र पटलं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचएफ-ॲक्शन या वैद्यकीय चाचणीत हार्ट फेल्युअरचे, पण स्थिर प्रकृतीचे २,३३१ रुग्ण होते, त्यात व्यायाम सुरक्षितच ठरला. पण अंगात पाणी साचतंय का हे सांगणाऱ्या रोजच्या वजनाबद्दल लेखात एक अक्षरही नाही? बाबा रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करून कॅलेंडरवर लिहितात. गेल्या गणपतीत तीन दिवसांत दोन किलो वाढलं, घोट्यावर मोज्यांचे वळ उमटले. लगेच फोन केला, डॉक्टरांनी लघवीच्या गोळीचा डोस वाढवला आणि ॲडमिट करायची वेळ टळली. अंगात पाणी धरून ठेवणारं ते खारट पापड-लोणचं कुणी वाढलं होतं, ते आई अजून कबूल करत नाही.