पाहुणे आले की पेला

आयोवात राहणाऱ्या मराठी माणसाला थंडीची भीती वाटत नाही, चक्रीवादळाची वाटत नाही. भीती वाटते ती भारतातून येणाऱ्या पाहुण्यांची. माणसं प्रेमळ असतात, येताना भडंग आणतात, तक्रार त्यांच्याबद्दल नाहीच. त्यांना दाखवायचं काय? न्यू जर्सीवाले स्वातंत्र्यदेवी दाखवतात, कॅलिफोर्नियावाले लाल पूल दाखवतात आणि त्याच्याखाली समुद्रसुद्धा दाखवतात. आम्ही डी मॉइनला राहतो. आमच्याकडे रस्त्याच्या डावीकडे मका असतो आणि उजवीकडे सोयाबीन. पुढच्या वर्षी डावीकडे सोयाबीन असतं. राजधानीचं शहर असल्यामुळे सोन्याचा मुलामा दिलेला घुमट आहे, पण तो चहा पिऊन निघालं तर पुढच्या चहाच्या आत बघून होतो.

मग आम्ही पाहुण्यांना पेलाला नेतो. आग्नेयेला, १६३ नंबरच्या रस्त्याने तासाभराच्या आत. दहा हजारांच्या आसपास वस्तीचं, शेतीवर वाढलेलं गाव. १८४७ साली हेन्ड्रिक स्कोल्टे नावाचा डच धर्मगुरू आठशेच्या आसपास माणसं घेऊन इथे आला आणि गाव वसलं. तेव्हापासून डचपणा आहे तो आहे. बँकेला डच कपाळपट्टी, दुकानांना डच कपाळपट्टी, चौकात वाजणारी घड्याळं, कालवा, पवनचक्की. अर्ध्या गावाची आडनावं 'व्हॅन' किंवा 'डी'ने सुरू होतात. 'डच नसाल तर तुमच्यात फारसं काही नाही' या अर्थाची वाक्यं गाड्यांच्या मागे चिकटवलेली असतात, आणि ती गाडी आपल्याला रस्ता मात्र अतिशय नम्रपणे देते.

यंदा बायकोचे मामा-मामी आले. तासगावचे द्राक्षबागायतदार. मेच्या पहिल्या आठवड्यातल्या गुरुवार-शुक्रवार-शनिवारी पेलाचा ट्यूलिप उत्सव असतो. शुक्रवारी मला सुट्टी मिळेना, शनिवारी गर्दीत माणूस हरवतो आणि रविवारी सगळं गाव चर्चला जातं नि बेकऱ्या बंद असतात. उरला गुरुवार. बायकोला बुधवारी रात्री ऑफिसात अत्यंत महत्त्वाचं काम निघालं. पाहुण्यांच्या सहलीच्या आदल्या रात्री निघणारी कामं अत्यंत महत्त्वाचीच असतात.

गाडीत बसल्यावर मामींनी जाहीर केलं, "आज माझा उपास हाय. दत्ताचा." मामा म्हणाले, "आणि माझा गुरुवार. वशाट न्हाई."

हे ऐकून मला घाम फुटला. पेलात बघण्यासारखं जे आहे त्यातलं निम्मं खाण्यासारखं आहे. तिथे मांसाच्या दुकानात धुरी दिलेल्या 'बोलोन्या' नावाच्या सॉसेजची कडी टांगलेली असतात. ती गुरुवारमुळे बाद. आणि मांस गाईचं, म्हणजे शुक्रवारीही बादच. 'डच लेटर' नावाची इंग्रजी एसच्या आकाराची, आत बदामाचं सारण भरलेली खारी असते. तिच्यासाठी १८९८ पासून चालत आलेल्या बेकरीबाहेर उत्सवात अशी रांग लागते की रांगेचं शेपूट दुसऱ्याच दुकानाच्या दारात जातं आणि त्या दुकानदाराला वाटतं आपलं नशीब उघडलं. या खारीत अंडं. आणि रस्त्याकडेला तव्यातल्या खळग्यांत पीठ ओतून, टोचून उलटत, गरमागरम 'पॉफर्टियस' देतात. मामी तिथे थबकल्या. "अगं बाई, हे तर आप्पे!" मी हळूच सांगितलं, अंडं. मामींनी त्या डच बाईंकडे अशा नजरेने पाहिलं की सख्ख्या जावेने फसवावं.

ट्यूलिपचं म्हणाल तर यंदा एप्रिल तापला होता. ट्यूलिपला पंचांग कळत नाही. ऊन लागलं की ते फुलतात आणि समितीच्या तारखेआधी गळून मोकळे होतात. चौकात वाफ्यांमागून वाफे नुसते हिरवे दांडे उभे. अधूनमधून एखादं उशिरा जागं झालेलं लाल फूल, आणि त्याच्याभोवती फोटो काढणाऱ्या वीस माणसांचं कडं.

"ह्याच्यासाठी रजा घेतली व्हय?" मामा म्हणाले.

मी इतिहासाचा आधार घेतला. १९३५ मध्ये पहिला उत्सव झाला तेव्हा गावात दाखवण्याजोगे ट्यूलिप नव्हतेच. सुताराकडून चार-चार फूट उंच लाकडी ट्यूलिप करून घेतले होते. मामांना हे पटलं. "मग लाकडीच ठेवायचे. फवारणी न्हाई, छाटणी न्हाई." एवढं बोलून त्यांनी वाफ्यात वाकून मातीची चिमूट काढली, बोटांत चोळली आणि वास घेतला. "जावईबापू, ही काळी आई इथं फुलाखाली घातलीया. आमच्याकडं असती तर..." पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. शेजारच्या फलकावर वाफ्यात हात घालू नये असं लिहिलं होतं, ते मीही वाचून दाखवलं नाही.

दुपारच्या मिरवणुकीआधी रस्ता धुतात. म्हणजे खरोखर धुतात: लाकडी जोडे घातलेली, काळ्या टोप्या नि पांढऱ्या आकडेदार टोप्यांमधली माणसं बादल्या ओततात आणि बायका खराट्यांनी डांबर घासतात. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. मामांना ते बघवेना. "पिण्याजोगं पाणी हो! डांबरावर! इकडं म्हैसाळचं आवर्तन कधी सुटतंय म्हणून आमी कॅनॉलवर जाऊन बसतो." शेजारच्या खुर्चीवरच्या आजींना वाटलं, पाहुणे भारावून गेले. त्यांनी मामांच्या दंडावर थोपटलं.

मामींचा सूर वेगळा होता. "कोपऱ्यात खराटा पोचंना झालाय. नुसतं दाखवायला चाललंय."

चौकाच्या उत्तरेला स्कोल्टेचं घर आहे, १८४८ सालचं. इथे मी माझं नेहमीचं भाषण करतो. पाहुण्यांगणिक घासून ते आता गुळगुळीत झालं आहे. स्कोल्टेने हॉलंडच्या सरकारमान्य चर्चशी भांडण काढलं, तुरुंगात गेला, दंड भरला. त्यात बटाट्यावर रोग पडून उपासमार. शेवटी जहाजांनी बाल्टिमोर, तिथून कालवे आणि आगगाड्या, मग नदीतून बोट, करत करत ही मंडळी या माळावर आली. पहिल्या हिवाळ्यात बऱ्याच जणांनी जमिनीत खड्डे करून वर गवत शाकारलं. त्या वस्तीला डच भाषेत गवतगाव असंच नाव पडलं. सरकारी जमीन सव्वा डॉलर एकराने मिळत होती.

इथवर मामा घरावरची वेल बघत होते. "किती म्हणालात?"

"सव्वा डॉलर."

"एकराला?"

"एकराला."

मामांनी चष्मा पुसला. "आणि आता?"

चांगली जमीन दहा हजार डॉलरच्या पुढे आहे असं सांगितल्यावर ते मधल्या पावणेदोनशे वर्षांचा हिशेब करू लागले. मला त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं, त्यांच्या खापरपणजोबांनी एक मोठी संधी घालवली होती.

मामींना एकराचं काही नव्हतं. त्यांना स्कोल्टेची बायको हवी होती. तिचं नाव मरेया. सुखवस्तू घरातली. हॉलंडहून आवडीची चिनी मातीची भांडी पेट्या भरभरून आणली. इथे पोचल्यावर पेट्या उघडल्या तर बहुतेक सगळ्यांचे तुकडे. असं सांगतात की त्या तुकड्यांची तिने झोपडीसमोर पायवाट घातली.

"रडली असंल," मामी म्हणाल्या. त्यांच्या स्वतःच्या बॅगेत लिंबाच्या लोणच्याची बरणी शिकागोच्या विमानतळावर फुटली होती, ते दुःख ताजं होतं. "ह्याला देव दिसला आणि तिला गवताचं छप्पर. आन् गावात नाव कुणाचं? ह्याचं." नंतर घरातल्या मार्गदर्शक बाई स्कोल्टेच्या विद्वत्तेबद्दल जे जे सांगत होत्या त्यावर मामी मराठीतून 'हां हां, बायकोला इचारा' असं म्हणत राहिल्या. मला भाषांतर विचारलं गेलं. मी म्हणालो, त्यांना घर आवडलं.

माझा हुकमी एक्का म्हणजे पवनचक्की. व्हर्मीर मिल. १२४ फूट उंच, हॉलंडमध्ये तयार करून इथे आणून २००२ मध्ये उभी केली. लाकडी दात्यांची चाकं, दगडी जातं, वाऱ्यावर खरंच धान्य दळते. आजवरचे सगळे पाहुणे इथे गप्प झालेले आहेत. मामांनी मान वर केली, पाती बघितली आणि म्हणाले, "आमच्या ढालगावच्या पठारावर हायत की. ह्याच्यापेक्षा उंच."

मी म्हटलं, "मामा, त्या विजेच्या. ही दळते."

"वीज झाली की गिरणी आपोआप चालती."

याला उत्तर नव्हतं. पण आत गेल्यावर जात्याखालचं पीठ त्यांनी तळहातावर घेतलं तेव्हा जरा नरमले. कोण हे व्हर्मीर, असं विचारलं. मी सांगितलं, इथलेच, शेतकरी घरातले; १९४८ मध्ये अवजारांचा कारखाना काढला, आणि गवताचे हे मोठे गोल गठ्ठे बांधणारं यंत्र १९७१ मध्ये आणलं. कारखाना गावाबाहेर आहे.

झालं. मामांच्या दृष्टीने पेला आत्ता सुरू झालं. "ते पाचटाला चालंल का?" उसाचं पाचट जाळतात, माती भाजते, त्यापेक्षा गठ्ठे बांधले तर... चौकातली मिरवणूक, राणी, बँड, लाकडी जोड्यांवर नाचणारी शाळकरी पोरं, सगळं त्यांच्यासमोरून गेलं आणि ते पाचटाविषयी बोलत होते.

तेवढ्यात बाकावर बसलेले एक उंच, लालबुंद म्हातारे गृहस्थ वळले. डोक्यावर बियाणे कंपनीची टोपी. आडनाव 'व्हॅन'ने सुरू झालं, पुढचं बँडमध्ये बुडालं. ते शेतकरी निघाले. पेरणीच्या हंगामात उत्सवाला कसे, तर दोन दिवस पाऊस झाल्यामुळे रानात घात नव्हती. हे मी सांगताच मामा म्हणाले, "वाफसा न्हाई म्हणा की!" आणि त्यांच्या शेजारी बसले. मी मधे उभा राहून दुभाषा झालो.

एकरी मका किती? दोनशे बुशेल. मक्याचा बुशेल म्हणजे साधारण साडेपंचवीस किलो. म्हणजे एकरी ५० क्विंटल. मामा क्षणभर गप्प. मग भाव काय? बुशेलला चार डॉलरच्या आसपास. मी फोनवर रुपयांत आणि क्विंटलात आणला, तेराशे-चौदाशे भरला. मामांची छाती फुगली. "सांगा ह्यांना, आमचा हमीभाव दोन हजाराच्या वर हाय." हमीभाव आणि हातात पडलेला भाव यांतला फरक त्यांनी भाषांतरासाठी दिला नाही.

मग म्हाताऱ्याने विचारलं, तुमची जमीन किती?

"थ्री," मामांनी थेट इंग्रजीत उत्तर दिलं.

म्हाताऱ्याने मान डोलावली. "थ्री हंड्रेड! द्राक्षं! तीनशे एकर हाताने छाटता?"

मी तोंड उघडलं. मामांनी माझ्या पायावर पाय ठेवला. "राहू द्या जावईबापू. परक्या गावात कशाला."

मामींनी पिशवीतून घरचे बेदाणे काढून म्हाताऱ्याच्या ओंजळीत घातले. त्याने चारपाच खाल्ले, डोळे मिटले, मग खिशातून पेपरमिंटची गोळ्यांची गुंडाळी काढून मामींपुढे धरली. यांच्याकडे चर्चमध्ये प्रवचन लांबलं की या गोळ्या चघळतात. उपासाला चालते का, यावर मामींनी दत्तगुरूंना मनातल्या मनात विचारलं असावं, कारण दोन घेतल्या.

मी बेकरीच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. बायकोने सांगितलं होतं, काही झालं तरी डच लेटर आण. ऑफिसातून. बऱ्याच वेळाने गरम खोकं छातीशी धरून परत आलो तर बाकावर मामी एकट्या.

"मामा?"

"गेले की त्या डच पाव्हण्यासंगं. गठ्ठ्याचं मशिन बघाय. त्यांच्या शेडात हाय म्हणं."

"कुठे आहे शेड?"

"मला काय ठावं. निळ्या गाडीतनं गेले."

मामांच्या फोनमध्ये इथलं सिम नव्हतं. त्यांच्या खिशात माझा पत्ता नव्हता. म्हाताऱ्याचं अर्धं आडनाव मला माहीत होतं, पण त्या अर्ध्यावर अर्धं गाव हजर झालं असतं. आणि चौकात निळ्या गाड्या होत्या तेवढे ट्यूलिपही नव्हते.

मामींनी शांतपणे डबा उघडला. साबुदाण्याची खिचडी. "बसा जावईबापू, दोन घास खावा. तासगावच्या बाजारातनं बी असंच कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून जात्यात. जेवायच्या वक्ताला येतील."

"मामी, जेवायची वेळ झाली की!"

"आपली झाली," मामी खिचडी वाढत म्हणाल्या, "आता ह्यांची कधी असती त्ये इचारा कुणाला तरी."