साठी आली, आता शोभेल असं वागा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात म्हातारं व्हायला वय लागत नाही. गणेशोत्सवात मंडळानं तुमच्या खांद्यावर शाल टाकली की झालात. शाल घ्या, नारळ घ्या आणि माईकपाशी रेंगाळू नका. सूत्रसंचालक 'काकांनी दोन शब्द बोलावेत' म्हणतो तेव्हा ते शब्द ठरलेले असतात: आभारी आहे. तिसऱ्या शब्दाला पोरं मोबाईल काढतात. आणि पुढच्या वर्षीच्या नाटकात काम मागायला तर मुळीच जाऊ नका. सत्कारमूर्तीनं तालमीला यायचं नसतं, पहिल्या रांगेत बसून पेंगायचं असतं.

गाण्याचं वेड असेल तर जास्तच जपा, कारण या गावानं फार वाईट पायंडा पाडलेला आहे. ग्वाल्हेर घराण्याचे गायक कृष्णराव शंकर पंडितांचा जन्म 1893 सालचा. पद्मभूषण मिळालं 1973 मध्ये, तानसेन सन्मान 1980 मध्ये, म्हणजे 87व्या वर्षी! ख्याल मुरायला वेळ लागतो असं त्या पिढीला वाटायचं. तुम्ही त्या नादी लागू नका. तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला चघळला की गळा सुधारतो म्हणतात. जन्मतारीख सुधारल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

बाई असाल तर म्हातारं व्हायला सुरुवात लवकर करा. पुरुषाचा आवाज कापरा झाला की त्यात अनुभव बोलतो, बाईचा झाला की 'यांनी वेळेवर थांबायला हवं होतं'. सिनेमानं हा हिशेब केव्हाच चोख केलाय. 1990 च्या 'अग्निपथ'मध्ये अमिताभ बच्चनची आई झाल्या रोहिणी हट्टंगडी. ते 1942 चे, त्या 1955 च्या. मुलगा आईहून बारा-तेरा वर्षांनी मोठा, आणि थिएटरात कुणाला ठसकासुद्धा लागला नाही. नायक पन्नाशीच्या आसपास वयात येतो, बाई पस्तिशीत त्याची आई होते. यात खटकण्यासारखं काय आहे?

सरकारदरबारी मात्र जरा गोंधळ आहे. मध्य प्रदेशच्या नोकरीत 2018 पासून तुम्ही 62 पर्यंत कामाचे. रेल्वे पुरुषाला 60 ला ज्येष्ठ मानते, बाईला 58 ला, आणि खालच्या बर्थच्या कोट्यात बाई 45 लाच बसते. तिकिटातली सवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली, त्यामुळे खिडकीवर पैसे मोजताना आपण सगळे ठणठणीत तरुण. तेव्हा वय विचारलं की आधी कोण विचारतंय ते बघा, मग आकडा सांगा.

आणि काकू, हळदीकुंकवाला कुणी 'अगंबाई, साठीच्या वाटतच नाही हो!' म्हणालं, तर हुरळून आभार मानू नका. ताबडतोब गुडघा धरा, थोडं कण्हा, जमलं तर बीपीच्या गोळीचं नावही घ्या. नाहीतर तुम्ही जिना उतरेपर्यंत तुमच्या केसांच्या रंगावर चर्चा सुरू झालेली असेल.